अंगाने थोराड, स्वभावाने गरीब



२०१७ साली एका कोंबड्याचा व्हिडिओ जगभर फिरला होता. तुमच्यापैकी पुष्कळांनी तो घरातल्या मोबाइलवर पाहिला असेल. युरोपातल्या कोसोव्हो नावाच्या देशातलं एक खुराडं. त्याच्या छोट्या दारातून आधी एक डोकं बाहेर येतं, मग मान, मग छाती... आणि येतच राहतं! शेवटी बाहेर उभा राहतो तो पिसांची तुमान घातलेला एक भलाथोरला कोंबडा. अनेकांना वाटलं, आत कोणी माणूसच लपला आहे. पण नाही. तो खराखुरा कोंबडा होता, ब्रह्मा जातीचा.

या मोठ्या कोंबड्यांबद्दल तुमची पत्रं येत असतात. ‘ताई, ही कोंबडी चावते का?’, ‘ताई, ती आपल्याकडे जगेल का?’, ‘ताई, ती मांडीवर बसते म्हणतात, खरं का?’ एका मैत्रिणीने तर सरळ विचारलंय, ‘बाबा हो म्हणाले आहेत, आता कोणती आणू ते सांग.’

बाबा हो म्हणाले, छान झालं. पण आणायच्या आधी एक गोष्ट नीट समजून घ्या. मोठी कोंबडी पाळणं अवघड नाही. शांत कोंबडी पाळणं मात्र वाटतं तितकं सोपं नाही! असं कसं? सांगते.

नाव एकीकडचं, गाव दुसरीकडचं

थोराड आणि शांत कोंबड्यांमध्ये दोन नावं आपल्या ओळखीची वाटतात : ‘कोचीन’ आणि ‘ब्रह्मा’. एक नाव केरळातल्या कोचीचं, दुसरं ब्रह्मपुत्रेचं. मग या कोंबड्या आपल्याच का?

कोचीनची गंमत आधी ऐका. पूर्वी व्हिएतनामच्या दक्षिण भागाला युरोपातले लोक ‘कोचीन-चायना’ म्हणत. आपल्या कोचीशी घोटाळा होऊ नये म्हणून पोर्तुगिजांनी पुढे ‘चायना’ जोडलं होतं. १८४० नंतरच्या काही वर्षांत इंग्लंडमध्ये बोटीतून मोठमोठ्या कोंबड्या उतरल्या, तेव्हा लोकांनी त्यांना कोचीन-चायना म्हणायला सुरुवात केली. प्रत्यक्षात त्या आल्या होत्या चीनमधल्या शांघाय बंदराकडून! म्हणजे पक्षी चीनचा, नाव व्हिएतनामचं आणि त्या नावाचं मूळ आपल्या कोचीशी जोडलेलं. पत्ता तीनदा चुकला.

ब्रह्माचं पूर्ण नाव ‘ब्रह्मपुत्रा’. शांघायकडचे थोराड पक्षी आणि बहुधा चितगावकडचे उंच पक्षी यांच्या संकरातून ही जात अमेरिकेत तयार झाली. चितगाव म्हणजे आताचा बांगलादेश. तिथल्या पक्ष्यांमुळे ब्रह्मपुत्रेचं नाव लागलं आणि पुढे ते आखडून ‘ब्रह्मा’ झालं.

१८५२ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्ज बर्नहॅम नावाच्या कोंबडीविक्रेत्याने एक शक्कल लढवली. त्याने आपले नऊ उत्तम पक्षी थेट इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीला भेट पाठवले. वर्तमानपत्रात चित्र छापून आलं आणि काय विचारता! राणीकडे आहे ती कोंबडी आपल्याकडेही हवी, असं जो तो म्हणू लागला. किमती भराभर चढल्या. या वेडाला इंग्रजीत नावच पडलं, ‘कोंबड्यांचा ताप’. काही वर्षांत ताप उतरला, किमती कोसळल्या. १८५५ मध्ये त्याच बर्नहॅमने या वेडाची थट्टा करणारं पुस्तक लिहिलं आणि तेही विकलं! आजही एखादा व्हिडिओ पाहून पिल्लं मागवताना हा किस्सा आठवायला हरकत नाही.

आता एक खरीखुरी आपल्याकडची गोष्ट. ब्रह्माचे पाय पिवळे असतात. सगळ्या पाळीव कोंबड्यांचा मुख्य पूर्वज म्हणजे लाल रानकोंबडा. तो हिमालयाच्या पायथ्यापासून आग्नेय आशियापर्यंत राहतो. पण पिवळ्या कातडीचा गुण त्याच्याकडून आलेला नाही. तो राखी रानकोंबड्याकडून आला, असं २००८ मध्ये शास्त्रज्ञांनी जनुकं तपासून दाखवलं. आणि हा राखी रानकोंबडा कुठे राहतो? आपल्या सह्याद्रीत! पहाटे जंगलात त्याचं आरवणं ऐकू येतं. म्हणजे ब्रह्माचं नाव उसनं असलं, तरी पायांचा रंग आपल्या बाजूचा आहे, बरं का.

चार दांडगोबा

जगभर घरी पाळल्या जाणाऱ्या मोठ्या जातींपैकी या चार प्रसिद्ध आहेत.

*ब्रह्मा :* कोंबडा साधारण साडेपाच किलोपर्यंत, कोंबडी सव्वाचार किलोपर्यंत. पायांवर बोटांपर्यंत पिसं. तुरा अगदी बुटका, वाटाण्याच्या दाण्यांच्या तीन ओळी मांडल्यासारखा. असा तुरा बर्फात गोठत नाही, म्हणून थंड देशांत ही जात लोकांना आवडते. थंडीतही अंडी देते.

*कोचीन :* कोंबडा पाच किलोच्या आसपास. पिसं इतकी भरघोस की कोंबडी म्हणजे चालती उशी वाटते. खुडूक बसायला फार आवडतं. दुसऱ्यांची अंडीसुद्धा मायेने उबवते.

*ऑर्पिंग्टन :* इंग्लंडमधल्या केंट परगण्यातल्या ऑर्पिंग्टन गावी विल्यम कुक याने १८८६ मध्ये तयार केली. पाय मोकळे, पिसं मऊ आणि फुगीर. पहिली काळी होती. नंतर आलेली गव्हाळ-सोनेरी ऑर्पिंग्टन जास्त लोकप्रिय झाली.

*जर्सी जायंट :* अमेरिकेतल्या न्यू जर्सीची. चौघांत सगळ्यात जड. कोंबडा जवळजवळ सहा किलो! गव्हाच्या पिठाची पाच किलोची पिशवी उचलून पाहा, म्हणजे अंदाज येईल.

आपली गावरान कोंबडी साधारण सव्वा-दीड किलोची. म्हणजे एका ब्रह्मा कोंबड्यात तीन-चार गावरान कोंबड्या मावल्या!

पण मोठी कोंबडी म्हणजे जास्त अंडी असं समजू नका. अंड्यांसाठी प्रसिद्ध असलेली पांढरी लेगहॉर्न अंगाने लहानच असते आणि चांगल्या संगोपनात वर्षाला अडीचशेच्या वर अंडी देते. ब्रह्मा दीडशेच्या आसपास. शिवाय ब्रह्माला घाई नाही. पहिलं अंडं सहा-सात महिन्यांनी, आणि पूर्ण वाढ व्हायला दीड-दोन वर्षं.

गरीब स्वभावाचा तोटा

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. या जाती शांत का? जड अंगामुळे त्यांना फारसं उडता येत नाही, चटकन पळता येत नाही. शिवाय पाळणाऱ्यांनी कित्येक पिढ्या शांत पक्षीच निवडून त्यांची पिल्लं वाढवली. त्यामुळे माणूस जवळ आला तर त्या बिचकत नाहीत, उचलून घेतलं तर धडपडत नाहीत. म्हणून मुलांना त्या आवडतात.

पण कोंबड्यांचं आपापसात एक राज्य असतं. नॉर्वेमध्ये थोरलीफ श्येलडेरुप-एब्बे नावाचा एक मुलगा होता. त्याला लहानपणापासून कोंबड्या बघायचा नाद. कोण कोणाला टोचतं, हे तो वहीत लिहून ठेवायचा. मोठेपणी तो शास्त्रज्ञ झाला आणि १९२० नंतरच्या काळात त्याने जगाला सांगितलं, की प्रत्येक कळपात कोंबड्यांच्या पायऱ्या ठरलेल्या असतात. पहिली कोंबडी सगळ्यांना टोचते, दुसरी पहिलीला सोडून बाकीच्यांना, तिसरी उरलेल्यांना... आणि अगदी शेवटची? ती सगळ्यांचं टोचणं खाते आणि कोणालाच टोचत नाही. बघा, एका मुलाच्या वहीतून केवढं शास्त्र निघालं!

आता विचार करा. तुम्ही आणलेली सव्वाचार किलोची गरीब ब्रह्मा आणि दीड किलोच्या चार चपळ, भांडखोर कोंबड्या एका खुराड्यात ठेवल्या. जिंकणार कोण? वाटतं मोठी जिंकेल. पण पुष्कळदा होतं उलटंच! चपळ कोंबड्या तिला दाण्यापासून हुसकावतात. ती बाजूला सरते आणि गप्प उभी राहते. भांडत नाही, ओरडत नाही. आपल्याला वाटतं, ‘किती शहाणी आहे!’ आणि ती बिचारी उपाशी असते.

त्यात भर म्हणजे तिची भरघोस पिसं. गावरान कोंबडी वाळली की लगेच दिसतं. ब्रह्मा किंवा कोचीन आतून वाळली, तरी वरून गुबगुबीतच दिसते. अंगावर उवा झाल्या, तरी पिसांत झाकल्या जातात. आणि आजारपण लपवणं हा तर सगळ्या पक्ष्यांचाच स्वभाव. रानात जो आजारी दिसतो, त्याच्यावरच शिकारी झडप घालतो ना!

म्हणून लक्षात ठेवा : दंगेखोर कोंबडी स्वतःची तक्रार स्वतः करते. शांत कोंबडीची तक्रार आपल्यालाच शोधून काढावी लागते. हे रोजचं काम करायची तयारी असेल, तरच ती आणा.

आणायची कोणती?

पहिला प्रश्न हवेचा. एक छोटं गणित करू. एक सेंटिमीटर बाजूचा ठोकळा घ्या. त्याचं घनफळ १, आणि सहा बाजूंचं मिळून क्षेत्रफळ ६. आता दोन सेंटिमीटर बाजूचा घ्या. घनफळ ८, क्षेत्रफळ २४. आतला ऐवज आठपट झाला, पण बाहेरची कातडी चौपटच! उष्णता बाहेर जाते ती कातडीतून. म्हणजे अंग जितकं मोठं, तितकं ते गार व्हायला अवघड. कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकते आणि तुऱ्यातून थोडी उष्णता बाहेर टाकते. ब्रह्माचा तुरा बुटका आणि अंगावर दुलई. थंड देशात जे वरदान, तेच आपल्या उन्हाळ्यात संकट.

म्हणून नागपूर, चंद्रपूर, जळगावकडच्या मित्रांनो, तुमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या घरात जातो. तिथे ब्रह्मा किंवा कोचीन आणणं म्हणजे कोणाला भर उन्हात स्वेटर घालून उभं करणं. तुम्ही हैदराबादला विकसित झालेली ‘वनराजा’ किंवा बंगळूरूची ‘गिरिराजा’ यांचा विचार करा. या जाती परसात पाळण्यासाठीच तयार केल्या आहेत. अंगाने गावरानपेक्षा भरदार असतात आणि आपली हवा सोसतात. पिल्लू असल्यापासून रोज हातात घेतलं, तर छान माणसाळतात. सह्याद्रीच्या थंड माथ्यावर, दाट सावलीच्या परसात ब्रह्मा ठेवता येईल, पण तिथे पावसाळ्याचा प्रश्न आहे. तो पुढे पाहू.

‘असील’ ही आपली देशी जात. उंचपुरी, ताकदवान, रुबाबदार. माणसाशी ती नीट वागते, पण दोन असील कोंबडे समोरासमोर आले की झुंज ठरलेली. म्हणून पहिल्यांदा पाळणाऱ्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये. आणि हो, पैज लावून कोंबडे झुंजवणं हा क्रूरपणा आहे. १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याने तो गुन्हाही आहे.

दुसरा प्रश्न : पिल्लू खरोखर त्याच जातीचं आहे का? एक सोपी खूण. ब्रह्मा आणि कोचीनच्या पिल्लांच्या पायांवर अगदी पहिल्या दिवसापासून लव असते. पाय गुळगुळीत असतील, तर विकणारा काहीही म्हणो, ते शुद्ध पिल्लू नाही. ऑर्पिंग्टन आणि जर्सी जायंटचे पाय मात्र मोकळेच असतात. जत्रेत मिळणारी गुलाबी-हिरवी पिल्लं तर घेऊच नका. ती रंगात बुडवलेली असतात, आणि बहुतेक काही दिवसांतच मरतात. दया येते म्हणून घेतलीत, तर विकणारा पुढच्या जत्रेला आणखी रंगवून आणेल.

तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड. दहा पिल्लं आणली, तर साधारण पाच कोंबडे निघणार. एका कळपात एकच कोंबडा सुखाने नांदतो. बाकी चौघांचं काय करायचं? याचं उत्तर पिल्लं आणायच्या आधी घरात सगळ्यांनी बसून ठरवा. नंतर रडारड नको. शहरात राहत असाल, तर सोसायटीला आणि महापालिकेच्या कार्यालयातही आधी विचारा. कोंबडं झाकून ठेवलं, तरी ते पहाटे आरवायचं थोडंच राहतं!

आणि एकच कोंबडी कधीही आणू नका. तिला सोबत लागते. निदान तीन आणा, शक्यतो एकाच जातीच्या आणि एकाच वयाच्या. म्हणजे गरीब कोंबडीला गरीब मैत्रिणी मिळतील.

आता संगोपन

*पिल्लांची ऊब :* पहिल्या आठवड्यात पिल्लांना ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास ऊब लागते. पुढे दर आठवड्याला तीन अंश कमी करत जा. खोक्यावर बल्ब टांगायचं काम मोठ्यांना करू द्या. ऊब बरोबर आहे का, हे पिल्लंच सांगतात. बल्बखाली गर्दी करून चिवचिवाट करत असतील, तर थंडी वाजतेय. बल्बपासून दूर पळून चोची उघडत असतील, तर उकडतंय. सगळीकडे पसरून खात-पीत-झोपत असतील, तर झकास!

*खुराडं :* मोठ्या कोंबडीला आत निदान चार-पाच चौरस फूट आणि बाहेर दहा चौरस फूट जागा हवी. दार रुंद ठेवा. बसायचा दांडा जमिनीपासून फूट-दीड फूटच वर आणि तळहाताएवढा रुंद असावा. गावरान कोंबडी झाडावरून उडी मारते, तिचं बिघडत नाही. पण पाच किलोचा पक्षी उंचावरून उतरला, की पायाच्या तळव्याला मार बसतो, आत जखम होते आणि गाठ येते. खाली भाताचा तूस किंवा लाकडाचा भुसा तीन-चार इंच पसरा आणि रोज खालीवर करा. वास येतो का, हे उभं राहून बघू नका. वाकून, कोंबडीच्या उंचीवर नाक नेऊन बघा. नाकात झोंबलं, तर भुसा बदलायची वेळ झाली. मुंगूस, बोका, भटकं कुत्रं यांच्यापुढे या कोंबडीला उडून जाता येत नाही. म्हणून रात्री भक्कम जाळी आणि कडी हवीच.

*खाणं-पिणं :* लहान पिल्लांना पिल्लांचं, म्हणजे ‘स्टार्टर’ खाद्य द्या. अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या ‘लेयर’ खाद्यात चुना जास्त असतो. तो पिल्लांच्या मूत्रपिंडांना सोसत नाही. अंडी सुरू व्हायच्या सुमारास लेयर खाद्य आणि वेगळ्या भांड्यात शिंपल्यांचा चुरा ठेवा. मोठी कोंबडी दिवसाला सव्वाशे ते दीडशे ग्रॅम खाते. पालेभाजीची पानं, काकडीच्या साली चालतील. चिवडा, फरसाण, चॉकलेट, बुरशी आलेली पोळी मुळीच नको. खाद्याची आणि पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी ठेवा. का, ते ओळखलंत ना? एका भांड्यावर दादागिरी झाली, तर गरीब कोंबडीला दुसरं भांडं मोकळं मिळतं.

*उन्हाळा :* सावली, ओलं गोणपाट, मातीच्या परळात गार पाणी. एरवी कोंबडी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी पिते, उन्हाळ्यात दुप्पट. दाणे पहाटे आणि संध्याकाळी द्या, कारण पचनानेही अंगात उष्णता वाढते. दुपारी तिला उचलून खेळू नका. पंख पसरून, चोच उघडी ठेवून ती मलूल झाली, तर लगेच सावलीत नेऊन पाय साध्या पाण्यात धरा. बर्फाचं पाणी नको.

*पावसाळा :* पिसांच्या पायजम्याची परीक्षा इथे असते. चिखलाचे गोळे पिसांना चिकटतात, बोटं आखडतात, जखमा होतात. पायांच्या खवल्यांखाली बारीक किडेही शिरतात. मग खवले उचललेले आणि खडबडीत दिसतात. म्हणून पावसात जागा उंचावर आणि कोरडी हवी. पाय चिखलाने भरले, तर कोमट पाण्याने धुऊन पूर्ण कोरडे करा. कोकणात आणि घाटावर हे रोजचं काम होऊन बसेल, हे आधीच ध्यानात घ्या.

*लस :* कोंबड्यांना होणाऱ्या मानमोडीला ‘राणीखेत’ म्हणतात, तेही उत्तराखंडातल्या एका गावावरून. हा रोग झाला की वाचणं कठीण. त्याची पहिली लस पिल्लांना पहिल्या आठवड्याच्या सुमारास देतात. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन राणीखेत आणि देवीच्या लशींच्या तारखा लिहून आणा.

रोजची पाच मिनिटं

शांत कोंबडीची तक्रार शोधायची म्हणजे काय करायचं? हे पाहा.

सकाळी दाणे टाकल्यावर लगेच निघून जाऊ नका. दोन मिनिटं उभे राहा. कोण खातं, कोण मागे राहतं, ते पाहा.

संध्याकाळी कोंबडीला दोन्ही हातांनी खालून आधार देऊन, पंख मिटवून उचला. पाय धरून उलटी कधीही लटकवू नका. गळ्याखालची दाण्यांची पिशवी चाचपा. संध्याकाळी ती भरलेली लागली पाहिजे. सकाळी ती रिकामी असावी.

आठवड्यातून एकदा पिसांत बोटं घालून छातीचं हाड चाचपा. ते धारदार लागलं, तर कोंबडी वाळतेय, मग वरून ती कितीही गुबगुबीत दिसो. शेपटीखालची पिसं बाजूला करून उवा आहेत का, बघा. तळपाय तपासा. आणि काट्यावर वजन करा. वहीत तारीख घालून लिहा. चार-पाच आठवड्यांनी आलेख काढा. रेघ खाली जायला लागली, की समजा, कोंबडी काहीतरी सांगतेय.

हे सगळं झालं, की हात साबणाने स्वच्छ धुवायचे. कोंबडी निरोगी दिसली, तरी तिच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. पिल्लांचे पापे घ्यायचे नाहीत, आणि पाच वर्षांखालच्या भावंडांच्या हातात ती द्यायची नाहीत.

अचानक बऱ्याच कोंबड्या मेल्या, तर लपवू नका, मेलेल्या पक्ष्यांना हात लावू नका. मोठ्यांना सांगून पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला भारतातली पहिली बर्ड फ्लूची साथ आढळली होती. अशा वेळी लवकर कळवणं सगळ्या गावाच्या भल्याचं असतं.

आईबाबांसाठी दोन शब्द

नीट ठेवलेली कोंबडी पाच ते आठ वर्षं जगते. अंडी मात्र दुसऱ्या-तिसऱ्या वर्षानंतर कमी होत जातात. पाचवीतल्या मुलाने आणलेली कोंबडी तो दहावीच्या अभ्यासात बुडालेला असताना म्हातारी झालेली असेल. तेव्हा पाणी कोण भरणार? सुट्टीत गावाला गेलात, तर तिच्याकडे कोण बघणार? अंडी थांबल्यावर तिचं काय करायचं? प्रत्येक घराचं उत्तर वेगळं असेल. ते मुलांपासून लपवू मात्र नका. मुलांना न सांगता कोंबडी ‘गावी पाठवली’ म्हणणं सोपं असतं, पण मग जबाबदारी घ्यायला त्यांना कोण शिकवणार?

आणि उत्तर ‘आपल्याला झेपणार नाही’ असं आलं, तर त्यात कमीपणा नाही. न आणलेल्या कोंबडीचे हाल होत नाहीत.

या आठवड्याचा उद्योग

कोंबडी घरी नसली, तरी चालेल. शेजारी, आजोळी, शाळेच्या वाटेवर कुठेतरी कोंबड्या असतीलच. मालकांना विचारून दहा मिनिटं जरा लांब बसा. प्रत्येक कोंबडीला रंगावरून एक नाव द्या. दाणे टाकल्यावर पहिली कोण येते, कोण कोणाला टोचतं, कोण कोणाला वाट देतं, त्याचा तक्ता करा. असं तीन दिवस करा आणि तक्ते जुळतात का, ते पाहा. मग आम्हाला पाठवा. निवडक तक्ते याच पानावर छापू.

पहिली कोण आली, हे सगळेच लिहितील. सगळ्यात शेवटी कोण खाते आणि तिच्या वाट्याला किती उरतं, हेही लिहायला विसरू नका.

तुमची,
ताई